सयाजीराव गायकवाड (तृतीय)

महाराजा सयाजीराव गायकवाड तृतीय (मूळ नाव: गोपाळराव काशीराव गायकवाड, ११ मार्च, इ.स. १८६३: कवळाणे, नाशिक जिल्हा - ६ फेब्रुवारी, इ.स. १९३९: मुंबई) हे इ.स. १८७५ ते इ.स. १९३९ या काळात बडोदा संस्थानाचे अधिपती होते. आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे ते भारतातील पहिले राज्यकर्ते मानले जातात. इ.स. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सुरू झालेला हा प्रयोग इ.स. १९०६ मध्ये कायद्याच्या रूपाने संस्थानभर लागू झाला. शाळेच्या जोडीला गावोगावी ग्रंथालये उभारण्यासाठी त्यांनी लोकवर्गणी, स्थानिक मंडळ आणि सरकार यांनी समान वाटा उचलण्याची पद्धत रूढ केली. गावच्या शाळेचा खर्च कोणी सोसावा, मुलांच्या हजेरीची जबाबदारी कोणाची आणि शाळेच्या यशाचे मोजमाप कशावर करावे, या प्रश्नांची त्यांनी प्रत्यक्ष कारभारात शोधलेली उत्तरे पुढे देशभर चर्चेचा विषय झाली.

जन्म व पूर्वपीठिका

सयाजीरावांचा जन्म आजच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या कवळाणे या खेड्यात झाला. हा तालुका सटाणा हे मुख्य ठिकाण असलेल्या बागलाण तालुक्याला लागून आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी हा सारा भाग खानदेश जिल्ह्यात मोडत असे. इ.स. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव व बागलाण हे तालुके त्याला जोडण्यात आले. मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतकरी बंधाऱ्यावरून पाट काढून फड पद्धतीने बागायत करीत. पाटाची निगा व पाण्याची वाटणी गावकरी आपसांत ठरवीत.

गोपाळरावांचे वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील होते. राजघराण्याशी नाते असले तरी कुटुंब शेतीवर जगणारे होते. आईचे नाव उमाबाई. आनंदराव हे थोरले, तर संपतराव हे धाकटे बंधू. बाराव्या वर्षापर्यंत गोपाळरावांना लिहिण्यावाचण्याचे शिक्षण मिळाले नव्हते.

त्या काळी मुंबई इलाख्यातील खेड्यांत शाळा अगदी विरळ होत्या. इ.स. १८६० च्या दशकात सरकारने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्यास सुरुवात केली आणि इ.स. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के स्वरूप दिले. या निधीचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवला जाई. म्हणजे शाळेसाठी शेतकरी कर भरत होता. परंतु त्याच्या गावात शाळा असेलच अशी शाश्वती नव्हती. महात्मा फुले यांनी इ.स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात याच विसंगतीवर बोट ठेवले. रयतेकडून गोळा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा त्यांचा आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी त्यात केली होती.

दत्तकविधान व शिक्षण

बडोद्याचे अधिपती मल्हारराव गायकवाड यांच्यावर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवण्यात आला. चौकशीनंतर ब्रिटिश सरकारने एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे, इ.स. १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्यांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले. निवडीच्या वेळी त्यांनी दिलेल्या धीट उत्तराची आख्यायिका महाराष्ट्रात व गुजरातेत सांगितली जाते.

महाराज अल्पवयीन असेपर्यंत दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार पाहिला. शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. अक्षरओळखीपासून सुरुवात करून काही वर्षांतच सयाजीरावांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषांचा अभ्यास केला. २८ डिसेंबर, इ.स. १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

इ.स. १८८० मध्ये त्यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई (चिमणाबाई प्रथम) यांच्याशी झाला. इ.स. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई (चिमणाबाई द्वितीय) यांच्याशी त्यांनी विवाह केला. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या चिमणाबाई या इ.स. १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या.

संस्थानातील शाळांची घडी

बडोदा संस्थानाचा प्रदेश सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे त्याचे प्रांत ब्रिटिश मुलखाने आणि इतर संस्थानांनी एकमेकांपासून तुटलेले होते. इ.स. १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख होती. प्रजा बहुतांश गुजराती भाषक व खेड्यांत राहणारी होती, तर दरबार व कारभारी वर्गात मराठी भाषकांचे प्रमाण मोठे होते.

सत्ता हाती आल्यावर पहिल्या काही वर्षांतच सयाजीरावांनी अस्पृश्य व आदिवासी मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा व वसतिगृहे काढली. अस्पृश्यांच्या शाळांत शिकवण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत नसत, म्हणून सुरुवातीला मुसलमान शिक्षकांवर व पुढे आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांवर ही जबाबदारी सोपवावी लागली. इ.स. १९०८ मध्ये पंजाबातील आर्यसमाजी कार्यकर्ते पंडित आत्माराम यांना या शाळांच्या देखरेखीसाठी बडोद्यास बोलावण्यात आले.

सर्वसाधारण खेड्यांसाठी ग्रामशाळांची योजना आखण्यात आली. ठरावीक किमान संख्येने मुले जमतील अशा गावाला शाळा द्यायची आणि शिक्षकाला पाटील, तलाठी यांच्याप्रमाणे गावच्या व्यवस्थेत स्थान द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. शेजारच्या मुंबई इलाख्यात त्या काळी खाजगी शाळांना निकालावर आधारित अनुदान मिळे. निरीक्षक वर्षातून एकदा मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अनुदानाची रक्कम ठरे. या पद्धतीत ज्या शाळेतील मुले घरच्या परिस्थितीमुळे मागे पडत, तिलाच पैसा कमी मिळे. शिवाय शिक्षकाचे सारे लक्ष परीक्षेपुरत्या पाठांतराकडे वळे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मोडीत काढण्यात आली. शाळेत न येणाऱ्या मुलांचा हिशेब मात्र या मोजमापात कोठेच येत नसे. सक्तीच्या शिक्षणाने नेमका हाच हिशेब पुढे आणला.

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण

इ.स. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात दहा गावे निवडून तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. सबंध राज्याला एकदम कायदा लावण्याऐवजी लहान क्षेत्रात अडचणी पाहाव्यात आणि मग पुढे जावे, असे धोरण होते. हळूहळू तालुक्यातील इतर गावे त्यात घेण्यात आली. दरम्यान इ.स. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळाने संस्थानाची तिजोरी व रयत दोन्ही खचली. तरीही हा प्रयोग सोडण्यात आला नाही.

इ.स. १९०६ च्या कायद्याने सक्ती संपूर्ण संस्थानात लागू झाली. मुलांसाठी ७ ते १२ व मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा होती; ती पुढे वाढवण्यात आली. प्राथमिक शाळांतील फी रद्द झाली. आजारी मुले, घरी शिक्षण घेणारी मुले आणि जवळपास शाळा नसलेल्या ठिकाणची मुले यांना सवलत होती. सबळ कारणावाचून मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांची यादी ठेवणे आणि गैरहजेरी कळवणे ही कामे शिक्षकाला गावकामगारांच्या साहाय्याने करावी लागत.

या योजनेच्या खर्चाचा मुख्य भार संस्थानाच्या तिजोरीवर होता. सक्ती करायची असेल तर शाळा दाराशी असली पाहिजे आणि शिकणे फुकट असले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. इ.स. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या आकडेवारीनुसार, इ.स. १९०९ मध्ये बडोद्यात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ७९.६ टक्के मुले शिकत होती. ब्रिटिश हिंदुस्थानात हे प्रमाण २१.५ टक्के होते. मुलींच्या बाबतीत बडोद्यात ४७.६ टक्के, तर ब्रिटिश हिंदुस्थानात ४ टक्के असे अंतर होते. प्राथमिक शिक्षणावर बडोद्यात दरडोई साडेसहा पेन्स खर्च होत असे. ब्रिटिश मुलखात तो जेमतेम एक पेनी होता.

मर्यादा व टीका

सक्तीला खेड्यांतून विरोधही झाला. शेतकरी व मजुरांच्या घरी सात-आठ वर्षांचे मूल गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, पेरणी-कापणीत हात लावणे अशी कामे करी. त्याला शाळेत पाठवणे म्हणजे घरातील एक माणूस कमी होणे असे. दंडाची रक्कम लहान असली तरी ती बहुधा अशाच घरांवर बसे. त्यामुळे शिक्षणाचा लाभ ज्यांच्यासाठी योजला, त्यांनाच त्याची शिक्षा भोगावी लागते, अशी टीका झाली. मुलींची शाळा लवकर सुटे आणि विवाह लवकर होत, त्यामुळे त्यांचे शिकलेले टिकणे अधिक कठीण होते. याच सुमारास, इ.स. १९०४ मध्ये, संस्थानाने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला.

दुसरा आक्षेप परिणामांविषयी होता. पटावरील संख्या मोठी असूनही इ.स. १९११ च्या जनगणनेत संस्थानातील साक्षरांचे प्रमाण दर दहा जणांत सुमारे एक एवढेच आढळले. सक्तीपूर्वीच्या पिढ्यांतील निरक्षर प्रौढ हे त्याचे एक कारण होते. परंतु अनियमित हजेरी आणि शाळा सुटल्यावर वाचनाची साधने नसल्याने अक्षरे विसरली जाणे, हीही खरी कारणे होती. गोखले यांच्या विधेयकाच्या विरोधकांनी बडोद्याच्या या उणिवेचा आधार घेतला. स्वतः सयाजीरावांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले नाही. ग्रंथालयांची योजना हे त्यांचे त्यावरील उत्तर होते.

तिसरी मर्यादा जातिभेदाची होती. अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढल्याने शिक्षणाची सोय झाली, पण वेगळेपण कायम राहिले. इ.स. १९३० च्या दशकाच्या आरंभी या मुलांना सर्वसामान्य शाळांत सामावून घेण्याचे धोरण स्वीकारले गेले, तेव्हा काही गावांतील सवर्णांनी त्याला कडवा विरोध केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सयाजीरावांनी इ.स. १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. करारानुसार नोकरीसाठी ते इ.स. १९१७ मध्ये बडोद्यात आले. परंतु शहरात त्यांना राहण्यास जागा मिळू शकली नाही आणि कार्यालयातही अवहेलना सोसावी लागली. अखेर ते बडोदा सोडून गेले. राजाज्ञेने शाळा उघडता आली तरी समाजाची मने तेवढ्याने उघडत नाहीत, हे या प्रसंगाने दिसून आले.

ग्रंथालये व लोकांचा वाटा

इ.स. १९०६ मधील अमेरिका भेटीत सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. इ.स. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि फिरत्या ग्रंथालयांची व्यवस्था यांचा पाया घातला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगावी पाठवल्या जात आणि वाचून झाल्यावर परत मागवल्या जात. बंधू संपतराव यांचा ग्रंथसंग्रहही मध्यवर्ती ग्रंथालयात समाविष्ट झाला. चरोतर भागात मोतीभाई अमीन यांनी लोकांच्या सहकार्याने वाचनालयांची चळवळ आधीच सुरू केली होती. तिलाही या योजनेने बळ मिळाले.

ग्रंथालयांच्या खर्चाची पद्धत शाळांपेक्षा निराळी होती. गावकऱ्यांनी वर्गणीतून ठरावीक रक्कम उभी केली, की तेवढीच रक्कम स्थानिक मंडळ आणि तेवढीच सरकार देई. इमारत बांधण्यासाठीही असाच तिघांचा वाटा असे. शाळा ही राज्याची जबाबदारी मानून तेथे वर्गणीची अट घातली नव्हती. ग्रंथालय मात्र गावाला हवेसे वाटले तरच टिकेल, म्हणून तेथे पहिले पाऊल गावाने टाकावे अशी अपेक्षा होती. या पद्धतीत संपन्न गावांना लाभ लवकर मिळे व गरीब गावे मागे राहत. ती उणीव काही अंशी फिरत्या पेट्यांनी भरून काढली.

उच्च शिक्षण, साहित्य व इतर कार्य

इ.स. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था स्थापन झाली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. अरविंद घोष यांनी इ.स. १८९३ ते इ.स. १९०६ या काळात संस्थानाच्या सेवेत व बडोदा कॉलेजात काम केले. रमेशचंद्र दत्त यांनी संस्थानाचे महसूलमंत्री व पुढे दिवाण म्हणून काम पाहिले. इ.स. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. संस्कृत व इतर भाषांतील दुर्मिळ ग्रंथांच्या प्रकाशनासाठी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, तर मराठी व गुजराती ग्रंथांसाठी सयाजी साहित्यमाला निघाली.

इ.स. १९०९ व इ.स. १९२१ मध्ये मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली. इ.स. १९३२ मध्ये कोल्हापूर येथे झालेल्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषवले. इ.स. १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचेही ते अध्यक्ष होते. इ.स. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांना प्रथेप्रमाणे मुजरा न केल्याच्या आरोपावरून ब्रिटिश सरकार व वृत्तपत्रांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

प्रभाव

गोखले यांनी १६ मार्च, इ.स. १९११ रोजी मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकाला बडोद्याच्या अनुभवाचा आधार होता. मात्र त्याची रचना वेगळी होती. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवावे, त्यासाठी त्यांना शिक्षणकर बसवता यावा आणि खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने, एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने सोसावा, अशी ती कल्पना होती. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. इ.स. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात इ.स. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली आणि इ.स. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची व्यवस्था झाली.

सयाजीरावांच्या जन्मभूमीत मात्र ही सक्ती त्यांच्या हयातीत आली नाही, कारण कवळाणे, मालेगाव व सटाणा हा भाग ब्रिटिश मुलखात होता. नाशिक जिल्ह्यात शेतकरी मुलांच्या शिक्षणाचा भार पुढे मोठ्या प्रमाणात लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांनी उचलला. त्यांपैकी इ.स. १९१४ मध्ये स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज ही जिल्ह्यातील प्रमुख संस्था असून सटाण्यातील कर्मवीर आबासाहेब तथा ना. म. सोनवणे महाविद्यालय तीच चालवते. इ.स. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. इ.स. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण हा हक्क दिला आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमताचे स्थान दिले. बडोद्याच्या कायद्यात मूल शाळेत आणण्याचे उत्तरदायित्व दंडाच्या भयाने पालकावर होते; या कायद्यात शाळा उपलब्ध करून देण्याचे बंधन प्रथम शासनावर आले.

निधन व स्मृती

६ फेब्रुवारी, इ.स. १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीरावांचे निधन झाले. ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव यांचा मृत्यू इ.स. १९०८ मध्येच झाल्याने नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. इ.स. १९४० मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वतीने साताऱ्यात काढलेल्या मोफत निवासी माध्यमिक शाळेला महाराजा सयाजीराव हायस्कूल असे नाव दिले. इ.स. १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे हे गाव आजही त्यांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते.